मॅनलीच्या फेरीवरचा कोरडा खलाशी

नेव्ह क्विल्टीचं तोंड कधी बंद नसतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मॅनलीच्या धक्क्यावर माझी कॉफीची टपरी आहे. शहराकडून फेरी येते तेव्हा आधी नेव्हचा आवाज ऐकू येतो, मग भोंगा, आणि मग बोट दिसते. नेव्ह त्या बोटीवरचा खलाशी. बोट धक्क्याला लागताना दोर टाकायचा, फळी लावायची, माणसं उतरवायची, हे त्याचं काम. दोर मात्र असा टाकतो की बघत राहावं. एवढी मोठी बोट लाटांवर हेलकावत असते, हा कुणाशी तरी बोलता बोलता हात फिरवतो आणि दोराचा फास लोखंडी खुंटात जाऊन बसतो.

बोलणं बहुतेक पाहुण्यांशी. सिडनी बघायला आलेला माणूस मॅनलीच्या फेरीत बसतोच, आणि फेरीत बसला की नेव्हच्या तावडीत सापडतोच. "ऑपेरा हाउस बाहेरून बघा, आत नुसत्या खुर्च्या आहेत. पुलाच्या कमानीवर चढायला पैसे कशाला देता? पुलावरून चालत जा, फुकट आहे, वारा तोच लागतो. प्राणिसंग्रहालयात आधी जिराफांकडे जा. अख्ख्या शहरात सगळ्यात सुंदर देखावा त्यांच्या दारात आहे आणि मेले पाठ करून पाला खात असतात. आणि मॅनलीला चिप्स घेतल्यात तर पाठ भिंतीला लावून खा. आमच्या सीगलांना आईबापांनी वळण लावलेलं नाही."

पाहुणे हसायचे. मग हा आवाज खाली आणून, गुपित सांगितल्यासारखं म्हणायचा, "आणि त्या टोकाला खडकात समुद्राच्या पाण्याचा हौद आहे. त्यात डुंबल्याशिवाय परत जाऊ नका. जन्माचा शीण जातो."

"तुम्ही रोज जाता?"

"चुकवत नाही!"

आता, त्या हौदात मी रोज सकाळी पोहते. आम्हा बायकांचं एक मंडळ आहे, हिवाळ्यात पोहणाऱ्यांचं. मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागतो तेव्हा, हंगाम सुरू होतो. त्या दिवशी आम्ही हौदात बर्फाच्या लाद्या टाकतो आणि मग उतरतो. का, ते विचारू नका. पूर्वीपासून चालत आलंय. तर एवढ्या वर्षांत नेव्ह मला तिथे एकदाही दिसला नव्हता. मला वाटायचं, दुसऱ्या वेळी येत असेल. नाहीतर फेकत असेल. बोलणाऱ्या माणसाचं सगळंच धरून चालत नाही.

नेव्ह मूळचा पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातला. तिकडे नकाशात नदीची निळी रेघ असते, प्रत्यक्षात वाळू. बाप मेंढ्यांच्या फार्मवर कामाला. कुणा भावाच्या लग्नाला म्हणून नेव्ह सिडनीत आला, गंमत म्हणून मॅनलीच्या फेरीत बसला आणि उतरलाच नाही. संध्याकाळपर्यंत इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, बाबा रे, एवढी आवडते तर नोकरीलाच लाग. तो लागला. मुकादमाने विचारलं, "पोहता येतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसला. सिडनीत हा प्रश्न म्हणजे "चालता येतं ना?" असं विचारण्यासारखा. नेव्हही हसला. ते हसणं त्याच्या गळ्यात पडलं ते कायमचं.

पुढे त्याने लग्न केलं, ते टिकलं नाही. फेरी टिकली. बोटीवर त्याची दोन जिवाची माणसं. एक कप्तान लाडो, आईबाप क्रोएशियाहून आलेले, पोट सुकाणूला टेकेल एवढा जाडा आणि तोंडाचा फाटका. दुसरा खलाशी सेमिसी, टोंगा बेटांवरचा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा धिप्पाड आणि महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा. आमच्याकडे चेष्टा म्हणजेच माया. ही दोघं नेव्हचे कान, त्याचं घोरणं, त्याचा सदा हरणारा फुटबॉलचा संघ, त्याची बिटाची सँडविचं, काही म्हणजे काही सोडायची नाहीत. बायको सोडून गेली तेव्हा लाडो म्हणाला होता, "बिचारीला वर्षानुवर्षं एकही वाक्य पुरं करता आलं नाही, ते पुरं करायला गेली." आणि नेव्ह सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

तर एका एप्रिलात नेव्ह टपरीवर आला, कॉफी घेतली आणि गप्प उभा राहिला. मी घाबरले. नेव्ह गप्प म्हणजे कोणीतरी गेलं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोणी नाही." त्याने कपात बघत विचारलं, "ग्लेनिस, तुमच्या त्या हौदावर अजिबात कोणी नसतं अशी वेळ कुठली?"

"कशाला? कुणाचा खून करायचाय?"

"हळू बोल गं बाई!" त्याने मागे वळून पाहिलं. मग काउंटरवर वाकून सांगितलं. वरून नवा नियम आला होता. बोटीवरच्या प्रत्येकाने हिवाळा संपायच्या आत तलावात पोहून दाखवायचं, अंगावर कामाचे कपडे घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जमलं नाही तर बोट बंद. मग धक्क्यावर दारं उघडायची आणि लावायची.

"मग? दाखव की पोहून."

तो कपाची कड नखाने खरवडायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला दुधाचा जग खाली ठेवला. "नेव्ह. तुला पोहता येत नाही?"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. फुटलंच. पण त्याचे डोळे बघितले आणि हसू विरलं. माणूस इतकी वर्षं रोज खोल पाण्यावरून जातोय, रोज वीतभर फळीवर उभा राहतोय, आणि पडला तर दगडासारखा तळाला जाईल हे त्याला रोज माहीत आहे. 

"लहानपणी मेंढ्या बुडवायच्या हौदात पडलो होतो," तो म्हणाला. "औषधाचं पाणी. गोचिड्या मारायचं. नाकातोंडात गेलं. वर मेंढ्यांचे पाय. तेव्हापासून तोंडाला पाणी लागलं की मला काही कळत नाही. ग्लेनिस, नोकरी गेली तर एक वेळ चालेल गं. पण त्या दोघांसमोर... लाडो आणि सेमिसीला कळलं की मी इतकी वर्षं त्यांच्याशी खोटं वागलो, तर मी त्यांना तोंड कुठे दाखवू?"

"उद्या उजाडायला ये," मी म्हटलं. "आणि टॉवेल आण."

आमच्या मंडळाची म्होरकी पर्ल. ऐंशी कधीच ओलांडली आहे, आणि दयामाया तिच्या वाट्याला आलीच नाही. तिने नेव्हला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा तर फेरीवरचा तोंडाळ ना? इथे काय करतोय?"

"त्याला पोहायला शिकायचंय," मी म्हटलं.

पर्लने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बरं," ती म्हणाली. "विजार काढ."

मग तिने सगळ्याजणींकडून शब्द घेतला, की ही गोष्ट खडकाबाहेर जाणार नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही असं म्हणतात. इथे सारा हिवाळा राहिलं.

सुरुवातीचे दिवस तो नुसता गुडघाभर पाण्यात उभा राहून बडबडायचा. पाणी आज जरा जास्तच गार आहे, वारा दक्षिणेचा आहे, भरतीला यायला हवं होतं, ओहोटीला यायला हवं होतं. "हा पोहायला आलाय की पाण्याला सल्ला द्यायला?" पर्ल ओरडायची. कमरेपर्यंत आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तोंड पाण्यात घाल म्हटलं की मात्र पार पांढरा पडायचा. ओठ घट्ट, मान ताठ, अंग लाकडासारखं. आणि लाकूड निदान तरंगतं तरी. हा बुडायचा. मी मानेखाली हात धरून उताणं करायची, हात काढला की गेलाच खाली. वर येऊन खोकायचा, रागाने माझ्याकडे बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. यायचा मात्र. एक दिवस चुकवला नाही.

जून आला. भिंतीवरून लाटा आत यायला लागल्या, हाडं वाजायला लागली. मला वाटायला लागलं, काही हे जमत नाही. पर्लच म्हणाली, "ग्लेनिस, हा गप्प बसला की बुडतो, तुझ्या लक्षात आलंय का?"

"म्हणजे?"

"गप्प बसला की भितो. भ्याला की आखडतो. याला बोलत ठेव."

मी त्याला उताणं केलं, मानेखाली हात दिला आणि नाटकी आवाजात म्हटलं, "अहो खलाशीबुवा, मी लांबून आलेय हो. एकच दिवस आहे माझ्याकडे. सिडनीत काय बघू?"

"चेष्टा करू नकोस."

"सांगा ना. ऑपेरा हाउस बघू का?"

"बाहेरून बघ," तो चिडून म्हणाला. "आत नुसत्या खुर्च्या आहेत."

"आणि पूल?"

"चालत जा. कमानीवर चढायला पैसे... आणि सकाळी लवकर जा, पूर्वेच्या बाजूने, म्हणजे बंदर दिसतं. आणि उतरल्यावर खाली खडकाळ गल्ल्यांमधून..."

मी हात काढला. तो सांगत राहिला. जिराफ झाले, चिप्स झाल्या, सीगल झाले, बंदराच्या तोंडाशी दोन कड्यांमधून मोठी लाट येते तेव्हा बोटीत कुठे उभं राहायचं ते झालं. काठावर बायका तोंडावर टॉवेल दाबून उभ्या होत्या. पर्ल म्हणाली, "नेव्ह, ग्लेनिसचे हात बघ कुठे आहेत." त्याने पाहिलं, मी हात वर करून उभी होते. तो ताबडतोब बुडाला. पण वर आला तो हसत. मला इतकं हलकं वाटलं, जणू मीच तरंगले.

त्यानंतर सोपं झालं असं नाही, पण झालं. उताणं पडायचं, पाय मारायचे, हात मागे टाकायचे आणि बोलायचं. याला पोहणं म्हणायचं का, हा वाद मंडळात अजून चालू आहे. कपड्यांसकट, बुटांसकटही त्याने केलं. पालथं पडून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी टपरी बंद ठेवली आणि पर्लला घेऊन शहरात गेले. पुलाखालचा पोहण्याचा तलाव. घरची माणसं म्हणून आम्ही पायऱ्यांवर बसलो. पर्लने आल्या आल्या जाहीर करून टाकलं की ती नेव्हची मावशी आहे. वेगवेगळ्या बोटींवरची माणसं रांगेत उभी होती, एकमेकांना ढकलत, दात विचकत. लाडो आपलं पोट घेऊन सुळकन गेला आणि आला, पाणमांजरासारखा. सेमिसीने तर चार हातांत तलाव संपवला. मग नेव्हचं नाव घेतलं.

आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. सगळी रांग हसतखिदळत होती, फक्त लाडो आणि सेमिसी नाही. सेमिसीने बुडणाऱ्याला टाकायचं भिंतीवरचं तरंगतं कडं काढून हातात घेतलं आणि बूट काढून ठेवले. आत्ताच घातलेले बूट.

नेव्ह पाण्यात उतरला, उताणा झाला, निघाला. पाय मारतोय, हात टाकतोय. ओठ मात्र घट्ट मिटलेले. परीक्षकासमोर बडबड कशी करणार? त्याला लाज वाटत असावी. निम्म्यात आला आणि मान ताठ झाली. मी ओळखलं. पाय जड झाले, पोट खाली गेलं, नाकावरून पाणी गेलं. सेमिसी काठावर वाकला.

मी उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो खलाशीबुवा! एकच दिवस आहे हो माझ्याकडे! काय बघू?"

सगळा तलाव माझ्याकडे बघायला लागला. बघू देत. पाण्यातून खोकल्याचा आवाज आला आणि मग नेव्हचा आवाज, आधी चिरका, मग मोठा होत गेलेला. "ऑपेरा हाउस... बाहेरून बघ! पुलावर... चालत जा! जिराफ... जिराफांकडे आधी!" प्रत्येक वाक्याला एक हात. पर्लही ओरडली, "चिप्स कुठे खाऊ रे?" "भिंतीला पाठ लावून!" असं करत करत त्याचं डोकं पलीकडच्या काठावर आपटलं. परीक्षकाने मान हलवली. कशाही पद्धतीने पलीकडे पोचणं एवढाच नियम होता.

मी खाली धावले. नेव्ह पाण्याबाहेर येऊन बसला होता, कपड्यांतून पाणी गळत होतं. लाडो समोर येऊन उभा राहिला आणि एकदम ओल्या फरशीवर बसला, मटकन. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"संपलं एकदाचं," लाडो म्हणाला.

नेव्हने मान खाली घातली. "माफ कर, लाडो. आधीच सांगायला हवं होतं."

"काय?"

"मला पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं."

"हो का?" लाडो मागे वळला. "सेमिसी, ऐकलंस का? याला पोहता येत नव्हतं म्हणे."

सेमिसी खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. "अरेच्चा," तो म्हणाला.

नेव्ह एकदा याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. मग लाडोचा बांध फुटला. "अरे गाढवा, तू कामाला लागलास त्याच आठवड्यात कुणीतरी धक्क्यावरून पाण्यात पडलं होतं, आठवतंय? पोहणारा माणूस अशा वेळी पुढे धावतो. तू मागे सरकलास. मी सुकाणूवरून बघत होतो. तेव्हापासून तू दोर टाकायला कठड्याशी गेलास की सेमिसी तुझ्या मागे. तुला काय वाटलं, तुझ्या अंगाचा वास आवडतो त्याला?"

"मग तुम्ही कधी..." नेव्हला पुढे बोलता येईना. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. "कधी चेष्टासुद्धा केली नाहीत."

"त्याची कशी करणार?" लाडो म्हणाला. "ते तर दुखत होतं ना तुला."

नेव्हने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. मीही रडले, आणि लपवलं नाही. लाडोने मग मला हळूच सांगितलं, सेमिसीला नदीवरच्या बोटीत वरची जागा मिळत होती, घराजवळ, एकदा नव्हे दोनदा. त्याने घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, इकडे हवा बरी आहे. मी सेमिसीकडे पाहिलं. तो कडं परत भिंतीवर टांगत होता. ते नीट लटकतंय ना, हे त्याने एकदा हलवून बघितलं, खांदे सैल सोडले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला तो पलीकडून ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर उभी होते. नेहमीप्रमाणे बोटीच्या आधी आवाज आला, पण तो नेव्हचा नव्हता. लाडो बोटीच्या कर्ण्यावरून बोलत होता. "प्रवासी मंडळी, आज आपल्याबरोबर एक जगप्रसिद्ध जलतरणपटू आहेत. कृपया त्यांना पाणी पाजू नये, कालच भरपूर पिऊन झालंय." बोट जवळ आली. नेव्ह पुढे उभा होता, दोन्ही दंडांवर लहान मुलांचे हवा भरलेले नारिंगी फुगे, त्यांवर पिवळी बदकं. पाहुणे फोटो काढत होते.

"बघितलंस, काय केलंय हलकटांनी!" तो लांबूनच ओरडला. चेहरा असा फुललेला, जणू लॉटरी लागली. "कपड्यांच्या खुंटीला लटकवून ठेवले होते! दिवसभर घालायचे म्हणे! आणि ऐकलंस ना, कर्ण्यावरून काय बोलतोय तो?"

"काढून टाक की मग."

"छे, छे," नेव्ह म्हणाला आणि फुगे आणखी वर सरकवले.

मग तो दोर घेऊन कठड्यावरून खाली वाकला. मी आपसूक त्याच्या मागे बघितलं, तिथे कोणीच नव्हतं. सेमिसी आत बाकावर पाय पसरून बसला होता आणि निवांतपणे सँडविच खात होता.